खर्जाची निवड

संगीताची गोडी ज्यास नुकतीच लागली आहे असा मनुष्य बहुधा वरच्या सुरांवर आधीं भुलतो. सनईचा आलाप, बासरीची फिरत, गवयाची तान हीं त्याच्या कानांत चटकन् भरतात. परंतु त्या साऱ्यांच्या खालीं राहून मैफलीचें ओझें जो वाहतो, त्या खर्जाकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. आमच्याकडील भजनांत पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजविलेल्या कणकेचा गोळा थापतात. त्या कणकेनें कातडें जड होतें व आवाज खालीं उतरतो. ती वाळून गळून पडली तर पखवाज वाजतो खरा, पण अभंग पोकळ लागतो. कणीक गेली हें दहांतल्या नऊ श्रोत्यांस कळत नाहीं. कांहीं तरी गेलें एवढें मात्र दहाही जणांस कळतें.

आमच्या शाळेच्या प्रार्थनागायनांतही हाच न्याय आहे. चार आवाजांच्या गीतांत सर्वांत खालच्या रांगेस ‘बास’ म्हणतात, आणि आवाज फुटल्यापासून आम्हीही त्याच रांगेंत उभे असतों. त्या रांगेस टाळ्या मिळत नाहींत. परंतु ती चुकली तर वरच्या तिन्ही रांगा डळमळूं लागतात. तेव्हां आमच्या दोघां मित्रांनीं वेगवान ‘हेवी मेटल’ संगीताचें पथक उभारण्याचें मनांत घेतलें आणि एकानें गिटार व दुसऱ्यानें ढोल पत्करला, त्या वेळीं आमच्या वांट्यास कोणतें वाद्य यावें याविषयीं वाद झालाच नाहीं. विजेवर वाजणारी चार तारांची बास गिटार आमचीच ठरली. प्रश्न उरला तो एवढाच, कीं ती कोणती घ्यावी. त्या निवडीची हकीकत आम्ही आमच्या विद्यार्थीबंधूंपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींपुढें ठेवीत आहों.

प्रथम या संगीताचा थोडा परिचय देणें इष्ट होईल. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथील टोनी आयोमी नांवाच्या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें पत्र्याच्या कारखान्यांत काम करतांना तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचा हात तोच होता. त्यानें बोटांस टोपणें बसविलीं, तारा हलक्या केल्या आणि पुढें त्या ढिल्या करून सूर खालीं उतरविला. त्याच्या जोडीस गीझर बटलर हा बास वाजवीत असे. ‘ब्लॅक सॅबथ’ या त्यांच्या पथकाची पहिली तबकडी 1970 सालीं निघाली, आणि ‘जड धातूचें संगीत’ तेथून सुरू झालें असें बहुतेक जाणकार मानतात. आपल्या देशांतही तें आतां नवखें राहिलेलें नाहीं. मुंबईस 1986 सालीं ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा उत्सव सुरू झाला; 2000 सालीं तेथेंच ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हें पथक स्थापन झालें; आणि ‘आयर्न मेडन’ हें विख्यात इंग्रजी पथक 2007 सालीं बंगळूर येथें व 2008 सालीं मुंबईस येऊन वाजवून गेलें. मुंबईच्याच ‘गटस्लिट’ या अतिवेगवान पथकाचा बासवादक गुरदीप सिंग नारंग हा पगडी बांधून रंगमंचावर उभा राहतो, हें चित्र पाहून आम्हांस मोठा धीर आला. या वाद्यास कोणत्याही विशिष्ट वेषाची किंवा देशाची अट नाहीं, हें त्यावरून दिसून येतें.

आतां रोहिणखेडासारख्या गांवीं हें खूळ कसें शिरलें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें, कीं लोखंडाचा खणखणाट या गांवास मुळींच नवा नाहीं. खानदेश व वऱ्हाड यांच्या वाटेवरील हें गांव. 1437 सालीं बहामनी सैन्यानें खानदेशच्या नासीरखानाचा मोड येथेंच केला. 1582 सालीं खुदावंतखानानें बांधलेली दगडी मशीद आजही गांवांत उभी आहे. तलवारी गेल्या, पण मोठ्या आवाजाची हौस कांहीं गेली नाहीं. लग्नाच्या वरातींत बेंजो पार्टीचा कर्णा ज्यानें ऐकला आहे, त्यास हेवी मेटल कर्कश वाटण्याचें कारण नाहीं. बेंजोवाल्याच्या पथकांतही वरचा सूर तेवढा मोठा असतो. खालचा भाग ढोलानें कसाबसा भरून काढावा लागतो. ती उणीव आम्हांस लहानपणापासून जाणवत असे. तिचें नांव मात्र पुढें कळलें.

पैशाची गोष्ट येथें सांगितली पाहिजे, कारण निवडीचें मूळ तेथेंच आहे. दोन उन्हाळे आम्हीं मंडप व लाउडस्पीकरच्या धंद्यांत तारा ओढण्याचें काम करून बारा हजार रुपये सांठविले होते. तितकीच भर कापसाच्या पट्टींतून घालण्याचें बाबांनीं कबूल केलें. आमच्या दोन बैलांपैकीं एक म्हातारा झाला आहे आणि बैलजोडीचा प्रश्न पुढल्या वर्षावर ढकलूनच हे पैसे निघत होते, हें आम्हांस ठाऊक होतें. बाबा रागावले नाहींत, कीं त्यांनीं उपदेशही केला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, “बैल घेतला तं दहा वर्सं ओढते. हे किती वर्सं ओढीन, बापू?” त्या वेळीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. पुढें जें जें पाहिलें, मोजलें आणि वाचलें, तें सारें त्या एका प्रश्नास धरूनच होतें.

वेगवान संगीतास कोणता खर्ज चालेल हें ठरविण्यापूर्वीं थोडें गणित केलें पाहिजे. मिनिटास दोनशें मात्रांची लय धरली आणि प्रत्येक मात्रेंत चार आघात घेतले, तर मिनिटास आठशें आघात होतात. म्हणजे सेकंदास तेरांहून अधिक. एका आघाताच्या वांट्यास सेकंदाचे हजार भाग केल्यास त्यांतले अवघे पंचाहत्तर येतात. बासची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें एकेचाळीस वेळां कंप पावते. तेव्हां एका आघाताच्या अवधींत ती जेमतेम तीन हेलकावे घेते. पांच तारांच्या वाद्यांत तिच्याही खालीं जी तार असते ती सेकंदास एकतीसच कंप पावते. तिचे तर दोन हेलकावे पुरे होतात न होतात तों पुढचा आघात येऊन ठेपतो. दोन-तीन हेलकाव्यांत मूळ सूर ओळखणें कानास कठीण पडतें. तो ओळखतो तो मुख्यतः त्या तारेंतूनच निघणाऱ्या वरच्या उपस्वरांवरून. म्हणून वेगवान वादनास ‘सर्वांत खोल आवाजाचें’ वाद्य उत्तम, ही सामान्य समजूत बरोबर नाहीं. ज्याचा खर्ज घट्ट आणि उपस्वर स्वच्छ, तेंच उत्तम. नाहीं तर तेरा आघातांचा एकच गडगडाट होतो, आणि वादकानें कितीही कष्ट केले तरी ऐकणारास पावसाळी ढगांपलीकडे कांहीं ऐकूं येत नाहीं.

हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे पुढचे प्रश्न आपोआप सुटूं लागतात. पहिला प्रश्न तारेच्या लांबीचा. घोडीपासून खुंट्यांकडील पट्टीपर्यंत तार जितकी लांब, तितकी ती त्याच सुरास अधिक ताणावी लागते, आणि ताणलेली तार आघातानंतर लवकर ठिकाणावर येते. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यानें 1951 सालीं ‘प्रिसिजन’ नांवाची बास विक्रीस आणली. तोंवर खर्जासाठीं माणसाएवढें उभें वाद्य पाठीवर वाहावें लागे. फेंडरच्या वाद्याची तार चौतीस इंच, म्हणजे सुमारें आठशें चौसष्ट मिलिमीटर लांब होती, आणि तीच लांबी आजही प्रमाण मानली जाते. तीस इंचांचीं आखूड वाद्यें लहान हातांस सोयीचीं, परंतु त्यांची जाड तार ढिली पडते. पस्तीस इंचांचीं वाद्यें पांचव्या तारेसाठीं चांगलीं, पण खालच्या पडद्यांवर बोटें फांकावीं लागतात. आमचा हात मध्यम. म्हणून चौतीस इंच ठरले.

दुसरा प्रश्न चार तारा कीं पांच. येथें फॅशनचा मोह मोठा आहे. आमच्या मित्राची गिटार एका सुरानें खालीं उतरविलेली असते. तेवढ्यासाठीं पांचवी तार लागत नाहीं. किंचित् जाड तारा घालून चार तारांचें वाद्यही तितकें खालीं नेतां येतें. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस आयुष्यभर चारच तारांवर घोड्याच्या दौडीसारखी लय वाजवीत आला. आणि 1986 सालीं अवघ्या चोविसाव्या वर्षीं अपघातांत निवर्तलेल्या ‘मेटॅलिका’च्या क्लिफ बर्टनचें सारें काम चार तारांवरच झालें. पांच तारांच्या दांडीची रुंदी अधिक, तारांतील अंतर कमी आणि किंमत जास्त. आम्हांस जें वाजवावयाचें होतें त्यास चार पुरेशा होत्या.

तिसरा प्रश्न पिकअपचा, आणि आमच्या गांवाच्या दृष्टीनें हाच सर्वांत महत्त्वाचा. पिकअप म्हणजे चुंबकाभोंवतीं गुंडाळलेलें बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें. वरची पोलादी तार हलली कीं वेटोळ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते व तीच पुढें ध्वनिवर्धकांत जाते. परंतु वेटोळ्यास तारेची वीज आणि भिंतींतल्या दिव्याची वीज यांत भेद कळत नाहीं. आपल्या देशांतील वीज सेकंदास पन्नास वेळां उलटसुलट होते. आणि बासच्या जाड तारेवर तिसरा पडदा दाबला असतां जो सूर निघतो, त्याचे कंप सेकंदास एकोणपन्नास असतात! मंडपाच्या कामांत आम्हीं अर्थिंगची दुर्दशा पुरेशी पाहिली आहे. तेव्हां एकेरी वेटोळ्याचें वाद्य आमच्या घरीं आणलें असतें, तर आम्ही वाजवीत नसतांनाही तें त्याच सुराच्या आसपास अखंड गुणगुणत राहिलें असतें. यावर उपाय असा, कीं दोन वेटोळीं परस्परांच्या उलट गुंडाळावीं आणि त्यांचीं चुंबकेंही उलट ठेवावीं. म्हणजे तारेचा आवाज मिळून वाढतो आणि बाहेरची गुणगुण परस्परांस मारते. गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यानें 1955 सालीं असा पिकअप सिद्ध केला; आणि 1957 पासून प्रिसिजनचा पिकअपही दोन तुकड्यांत विभागून याच तत्त्वावर होऊं लागला. आम्ही एकेरी वेटोळ्याच्या वाद्यांस तेथेंच रामराम ठोकला.

पिकअपची जागाही पाहावी लागते. दांडीकडे सरकलेला पिकअप गोल व मऊ आवाज देतो. घोडीजवळचा उपस्वर अधिक टिपतो. वर केलेल्या गणिताप्रमाणें वेगास घोडीजवळच्याची गरज, आणि भरीवपणास मधल्याची. म्हणून दोन्ही असलेलें वाद्य पाहावें असें ठरलें. कांहीं वाद्यांत नऊ व्होल्टची बॅटरी घालून आवाज आंतच वाढविण्याची सोय असते. ती चांगली असते, यांत शंका नाहीं. परंतु ऐन वादनांत बॅटरी संपली तर बहुतेक अशीं वाद्यें मुकीं होतात, आणि रात्रीं नऊ वाजतां रोहिणखेडांत ती शोधीत कोठें हिंडावें? शिवाय ज्यांत भाग कमी त्यांत बिघाडही कमी. बाबांचा दहा वर्षांचा प्रश्न आठवून आम्हीं बॅटरीवांचून चालणारें वाद्य पसंत केलें.

एवढें ठरवून आम्ही बाबांसह मलकापूर स्टेशनावर रात्रीची गाडी धरली व मुंबईस गेलों. धोबीतलावाच्या आसपास पाश्चात्य वाद्यांचीं दुकानें आहेत. एका दुकानांत भिंतीवर टांगलेल्या गिटारींकडे बोट दाखवून बाबांनीं पहिलाच प्रश्न केला, “याले तं चारच तारा हायेत, सहावाल्यापेक्षा हे महाग काऊन?” विक्रेता हंसला नाहीं, याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहों. लांब दांडी, अधिक लांकूड, जाड तारा व त्यांचा ताण सोसणाऱ्या भक्कम खुंट्या हें सारें त्यानें समजावून सांगितलें. मग बाबांनीं बैलबाजारांत जशी पारख करतात तशीच पारख सुरू केली. वाद्य हातांत घेऊन त्यांनीं तोललें. एका डोळ्यानें दांडीच्या कडेनें पाहून ती सरळ आहे कीं वांकली आहे हें तपासलें. आणि ही परीक्षा खरोखरच करावयाची असते, हें आम्हीं पूर्वीं वाचलेलें होतें. पडद्यांच्या कडांवरून अंगठा फिरवून त्या बोटास टोंचतात कीं काय तें पाहिलें. शेवटीं त्यांनीं पट्टा आमच्या खांद्यावर चढविला आणि दोन्ही हात सोडावयास सांगितलें. हात सोडतांच पहिल्या वाद्याची दांडी जमिनीकडे झुकली. “याचं जू एकीकडे पडते,” असें म्हणून त्यांनीं तें परत दिलें. वजनाचा तोल हा वादकाच्या खांद्याचा व मनगटाचा जन्माचा प्रश्न आहे. चार-साडेचार किलोचें वाद्य दांडीकडे झुकत असेल, तर डावा हात सूर दाबण्याऐवजीं तें सांवरण्यांतच दमतो.

वाजवून पाहण्याचें काम आमचें. तेथें आम्हीं एक नियम पाळला. मोठ्या आवाजांत कोणतेंही वाद्य गोड लागतें, म्हणून प्रथम ध्वनिवर्धकाशीं न जोडतां प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार छेडून पाहिली. कोठें खरखर होते, कोठें सूर लवकर मरतो, हें अशा वेळींच कळतें. मग जोडून सर्वांत जाड तारेवर दोन बोटांनीं, तीन बोटांनीं व नखीनें असे वेगवेगळे आघात केले. वेगवान वादनांत बोटें बरीं कीं नखी बरी, याविषयीं मोठे वाद आहेत. हॅरिस बोटांनीं वाजवितो, ‘कॅनिबल कॉर्प्स’चा ॲलेक्स वेब्स्टर तीन बोटांच्या वादनासाठीं प्रसिद्ध आहे, उलट नखीनें आघाताची धार सहज येते, म्हणून कित्येक नामांकित वादक तीच हातीं घेतात. आमच्या मतें नवशिक्यानें दोहोंचा अभ्यास करावा, आणि वाद्य निवडतांना तारा घोडीपाशीं इतक्या जवळ नसाव्यात कीं बोट एकींतून दुसरींत अडकेल, एवढें पाहावें.

तिसऱ्या दुकानांत जें वाद्य मिळालें तें नवें नव्हतें; कोणा अनोळखी वादकानें विकलेलें होतें. चार तारा, चौतीस इंच, मध्यें दुभंगलेला पिकअप, घोडीजवळ दुहेरी वेटोळ्याचा दुसरा, बॅटरी नाहीं. रंग उडालेला, मागें पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. पण दांडी सरळ आणि तोल समान. त्याच्या शेजारींच एक काळें, टोंकदार शिंगांचें, नवें कोरें वाद्य टांगलें होतें, आणि आमची नजर तिकडे वळली नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. तें खांद्यावर झुकत होतें, त्यांत बॅटरी होती, आणि तें घेतल्यावर ध्वनिवर्धकास एक पैसा उरला नसता. जुन्या वाद्यास सोळा हजार पडले. उरलेल्या आठ हजारांत बासचा एक लहान ध्वनिवर्धक, कानांवर लावण्याचा फोन, पट्टा आणि तारांचा एक जादा संच आला. गिटारच्या लहान कर्ण्यांतून बास वाजविली तर त्याचा पडदा फाटण्याचा संभव असतो. म्हणून हा खर्च वेगळा काढून ठेवावाच लागतो, हें विसरूं नये.

आतां पालकमंडळींच्या दोन शंकांविषयीं. पहिली शंका कानांची. ती अगदीं योग्य आहे. पंचाऐंशी डेसिबलपर्यंतचा आवाज दिवसांतून आठ तास, आणि पुढें दर तीन डेसिबलांस वेळ निम्मा, असें प्रमाण तज्ज्ञांनीं घालून दिलें आहे. म्हणजे चौऱ्याण्णव डेसिबलांस एकच तास उरतो. आमच्या घरीं आजोबा लवकर निजतात, म्हणून सराव कानावरच्या फोनांत व तोही हळू आवाजांत होतो. आणि ढोलासमवेत वाजवितांना कानांत बोळे घालण्याचा नियम आम्हीं तिघांनीं केला आहे. दुसरी शंका मनाची. या संगीताचीं नांवें भयंकर, चित्रें भेसूर; तें मुलांस बिघडवील कीं काय? आम्ही नम्रपणें असें सांगूं, कीं प्रत्येक गीत सारखें नसतें, आणि जीं आमच्या तोंडीं शोभत नाहींत तीं आम्ही घेत नाहीं. परंतु मिनिटास दोनशें मात्रांच्या लयींत तिघांनीं एका श्वासानें चालण्यास जो सराव लागतो, तो आळशी मुलाच्या हातून होत नाहीं. रोज संध्याकाळीं एक तास आम्ही ताल मोजणाऱ्या यंत्रापुढें बसून साठ मात्रांपासून आरंभ करतों, आणि आठवड्यास चार-पांच मात्रा वाढवितों. आजमितीस एकशें बत्तीसपर्यंत पोहोंचलों आहों. दोनशें अजून लांब आहे.

जे विद्यार्थीबंधु असें वाद्य घेऊं इच्छितात त्यांस आमची एवढीच विनंति, कीं आधीं आपण कोणत्या वेगानें, कोणत्या सुरांत व कोणाच्या जोडीनें वाजविणार तें ठरवावें, आणि मगच दुकानाची पायरी चढावी. रंग व आकार सर्वांत शेवटीं पाहावा. भाग असे असावेत कीं बिघडले तर जवळच्या गांवच्या रेडिओ दुरुस्त करणारासही डाग देऊन जोडतां येतील. आणि शक्य तर सोबत असें वडील माणूस न्यावें, कीं ज्यास संगीतांतलें कांहीं कळत नाहीं, पण वस्तूंतलें कळतें.

बाबांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं परतीच्या गाडींत दिलें. या वाद्याची घडण सत्तराहून अधिक वर्षें फारशी बदललेली नाहीं. तारा, खुंट्या व पिकअप हे तिन्ही भाग बदलतां येतात. दांडींत लोखंडी सळई आहे, ती उन्हाळ्या-पावसाळ्यांत थोडी फिरवून सरळ करतां येते. तेव्हां निगा राखली तर हें दहा वर्षें सहज ओढील, असें आम्ही म्हणालों. त्यांनीं पिशवी आपल्या मांडीवर घेतली व म्हणाले, “ते तं ओढीन. तू ओढजो.” म्हातारा बैल यंदाच्या पेरणीसही जोतास होता. पुढल्या उन्हाळ्यांत आम्ही पुन्हां मंडपाच्या कामास जाणार आहों. आणि त्या मजुरीचे पैसे बैलासाठीं वेगळे ठेवण्याचें कबूल करून बसलों आहों.